हार्ट फेल्युअरमध्ये हृदयपेशीतलं कॅल्शियम वाढतं की घटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पुस्तकात लिहिलंय की हार्ट फेल्युअरमध्ये हृदयपेशीला कॅल्शियम कमी पडतं, म्हणून आकुंचनाचा जोर घटतो. दुसऱ्यात लिहिलंय की ‘कॅल्शियम ओव्हरलोड’मुळे ठोके बिघडतात आणि पेशी मरतात. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? तुम्ही याच विषयावर प्रबंधाचं काम सुरू करताय, म्हणून प्रयोगात नेमकं काय मोजायचं हेही विचारलंय. आणि शेवटी, वडिलांचं इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं) ३० टक्के आहे, त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, त्या बंद कराव्यात का?

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. ‘पेशीतलं कॅल्शियम’ हा एकच आकडा आहे असं धरलं की गोंधळ होतो. पेशीद्रवातलं कॅल्शियम वेगळं, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (पेशीतली कॅल्शियमची कोठी, यापुढे एसआर) साठवलेलं वेगळं, मायटोकाँड्रियातलं वेगळं. शिवाय ठोक्याच्या कुठल्या क्षणी मोजलं त्यावर आकडा बदलतो. आकुंचनाच्या क्षणी कमी, विश्रांतीच्या क्षणी जास्त, साठ्यात कमी, असं निकामी होत चाललेल्या पेशीचं चित्र असतं. म्हणून ‘किती’ विचारण्याआधी ‘कुठलं’ आणि ‘कधीचं’ हे ठरवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

एक मर्यादा आधीच सांगतो. खाली जे लिहितोय ते इजेक्शन फ्रॅक्शन घटलेल्या हार्ट फेल्युअरबद्दल आहे, आणि मुख्यतः डाव्या व्हेंट्रिकलच्या (खालच्या कप्प्याच्या) पेशींबद्दल. माणसाच्या पेशींवरची बरीचशी माहिती प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या हृदयांतून आली आहे, म्हणजे आजाराच्या शेवटच्या टप्प्यातली आणि वर्षानुवर्षं औषधं घेतलेल्या रुग्णांची. सुरुवातीच्या टप्प्यात, किंवा रक्तपुरवठा तुटल्यामुळे आणि जनुकीय दोषामुळे झालेल्या फेल्युअरमध्ये, याच बदलांचं प्रमाण वेगवेगळं असतं. इजेक्शन फ्रॅक्शन टिकून असलेल्या प्रकारात तर चित्र बरंच निराळं आहे. तिथे टायटिन या स्नायूतल्या लवचिक प्रथिनाचा ताठपणा, फायब्रोसिस (स्नायूत तंतू साचणं) आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दोष जास्त बोलतो, आणि सर्का पंपाची (कॅल्शियम एसआरमध्ये परत भरणारा पंप) घट कायम सापडेलच असं नाही. दोन्हींचे पेपर एकत्र वाचू नका.

आता निरोगी ठोका. विश्रांतीच्या वेळी पेशीद्रवात मोकळं कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असतं. पेशीबाहेर आयनरूप कॅल्शियम १.१ ते १.३ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटीहून जास्त. विद्युत लहर टी-ट्यूब्यूलमधून (पेशीपटलाच्या आत शिरलेल्या नळ्यांमधून) आत उतरली की एल-टाइप हे कॅल्शियमचं चॅनल उघडतं आणि थोडं कॅल्शियम आत येतं. समोर १२ ते १५ नॅनोमीटरच्या फटीपलीकडे एसआरवर रायनोडीन रिसेप्टर (साठ्यातून कॅल्शियम सोडणारी दारं) बसलेले असतात. या थोड्याशा कॅल्शियमने ते उघडतात आणि साठ्यातलं बरंच जास्त कॅल्शियम बाहेर पडतं. पेशीद्रवातली पातळी अर्धा ते एक मायक्रोमोलरपर्यंत चढते, कॅल्शियम ट्रोपोनिन सी या स्नायूतल्या प्रथिनाला चिकटतं आणि आकुंचन होतं. यात एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते. पेशीद्रवात आलेल्या दर शंभर कॅल्शियम आयनांपैकी जेमतेम एक मोकळा राहतो, बाकीचे ट्रोपोनिन, सर्का, कॅल्मोड्युलिन वगैरे प्रथिनांना चिकटलेले असतात. म्हणजे मोकळी पातळी १ मायक्रोमोलर दिसायला प्रत्यक्षात त्याच्या शंभर पटीच्या घरात कॅल्शियम हलवावं लागतं, आणि तेवढंच पुढच्या ठोक्याआधी परत उचलावं लागतं. या उचलण्याला ऊर्जा लागते. दोन कॅल्शियम आयन आत ढकलायला सर्का पंप एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करतो.

उचलण्याचे मुख्य मार्ग दोन. सर्का२ए पंप कॅल्शियम एसआरमध्ये परत भरतो. सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर, म्हणजे एनसीएक्स, तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम पेशीबाहेर टाकतो. सशात वाटणी साधारण सर्का ७० टक्के, एनसीएक्स २८ आणि उरलेले मंद मार्ग २ अशी असते, आणि माणूस याच्या जवळपास. उंदरात मात्र सर्काचा वाटा ९२ टक्क्यांपर्यंत जातो. तुम्ही उंदीर वापरणार असाल तर हा फरक टेबलासमोर लिहून ठेवा, कारण एनसीएक्सबद्दलचे उंदरावरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. स्थिर लयीत प्रत्येक ठोक्याला जेवढं कॅल्शियम आत आलं तेवढंच बाहेर जायला हवं, आणि जेवढं साठ्यातून सुटलं तेवढंच साठ्यात परतायला हवं. हा हिशेब डोक्यात पक्का बसला की पुढचं सोपं होतं.

फेल्युअरमध्ये पहिला घाव सर्कावर बसतो. त्याची प्रथिनं कमी होतात. प्रयोगशाळा आणि नमुन्यांनुसार आकडे बदलतात, पण कार्य घटलेलं असतं यावर मोठा वाद नाही. त्याला लगाम घालणारं फॉस्फोलॅम्बन मात्र त्याच प्रमाणात घटत नाही, म्हणजे प्रत्येक पंपामागे लगाम जास्त. त्यातही फॉस्फोलॅम्बनचं फॉस्फोरिलेशन (त्याला फॉस्फेट लागणं) कमी झालेलं असतं. निरोगी हृदयात अॅड्रेनॅलिन आलं की पीकेए हे एंझाइम फॉस्फोलॅम्बनच्या सेरीन १६ या जागी फॉस्फेट लावतं आणि लगाम सुटतो. जुनाट फेल्युअरमध्ये अॅड्रेनॅलिन ओळखणारे बीटा-१ रिसेप्टर कमी झालेले असतात आणि फॉस्फेट काढणाऱ्या प्रोटीन फॉस्फेटेज १ ची क्रिया वाढलेली असते, त्यामुळे लगाम आवळलेलाच राहतो. परिणाम दोन: कॅल्शियम उचलायला वेळ लागतो, म्हणून हृदय नीट सैल पडत नाही. आणि पुढच्या ठोक्यापर्यंत साठा पुरता भरत नाही, म्हणून आकुंचन दुबळं होतं. सिस्टोल (आकुंचन) आणि डायस्टोल (विश्रांती) दोन्ही एकाच पंपामुळे बिघडतात, हे लक्षात ठेवा.

याच वेळी एनसीएक्स अनेक नमुन्यांत वाढलेला असतो. सर्का मागे पडला की एनसीएक्सच्या वाट्याला जास्त कॅल्शियम येतं, आणि ते पेशीबाहेर जातं. डायस्टोलची पातळी आवरायला ही मदतच आहे, पण साठ्याच्या दृष्टीने तोटा. एसआरमध्ये जाऊ शकलं असतं ते कॅल्शियम बाहेर गेलं. आणि साठा व सोडणं यांचं नातं सरळ रेषेचं नाही. साठा थोडा घटला तरी सुटणारं कॅल्शियम त्याहून बरंच जास्त घटतं, कारण रायनोडीन रिसेप्टरचं उघडणं एसआरच्या आतल्या पातळीवरही अवलंबून असतं.

दुसरा घाव गळतीचा. डायस्टोलमध्ये रायनोडीन रिसेप्टर बंद असायला हवेत, पण फेल्युअरमध्ये ते अधूनमधून आपणहून उघडतात. कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली हे ‘स्पार्क’ म्हणून दिसतं. १९९३ साली हे स्पार्क पहिल्यांदा दाखवले गेले, तेव्हापासून गळती डोळ्यांनी मोजता येऊ लागली. गळतीचं कारण काय यावर मोठा वाद झाला. २००० साली असा दावा पुढे आला की पीकेए रिसेप्टरच्या सेरीन २८०८ वर जास्त फॉस्फेट लावतं आणि एफकेबीपी १२.६ हे रिसेप्टरला बंद ठेवणारं प्रथिन सुटून जातं. अनेक प्रयोगशाळांना ते तसंच सापडलं नाही. माझ्या मते आज जास्त भक्कम पुरावा कॅमकायनेज-२ या एंझाइमचा आहे, जे सेरीन २८१४ वर काम करतं, आणि त्यासोबत ऑक्सिडेशनचा. कॅमकायनेज स्वतःही ऑक्सिडेशनने चालूच राहतं. तुम्हाला इथे शंका येईल की एकाच पेशीत फॉस्फोलॅम्बनवर फॉस्फेट कमी आणि रायनोडीन रिसेप्टरवर जास्त, हे कसं? कारण कायनेज (फॉस्फेट लावणारे एंझाइम) आणि फॉस्फेटेज पेशीभर सारखे पसरलेले नसतात. ते त्या त्या प्रथिनाशी जखडलेले असतात, आणि दोन ठिकाणचा तोल दोन दिशांनी ढळतो. पूर्ण पेशी वाटून केलेल्या ब्लॉटवरून (प्रथिनं मोजण्याच्या चाचणीवरून) ‘पीकेएची क्रिया वाढली’ किंवा ‘घटली’ असं एका वाक्यात लिहू नका.

गळतीबद्दल एक मुद्दा जरा थांबून समजून घ्या, कारण परीक्षकही यात चुकतात. नुसत्या गळतीने सिस्टोलचं आकुंचन कायमचं दुबळं होत नाही. निरोगी पेशीला अगदी थोडं कॅफीन द्या, अर्धा मिलिमोलर किंवा त्याहून कमी. रायनोडीन रिसेप्टर जास्त सहज उघडतात. पहिले काही ठोके मोठे येतात. मोठ्या ठोक्यात एनसीएक्स जास्त कॅल्शियम बाहेर टाकतो, साठा घटतो, आणि थोड्याच ठोक्यांत कॅल्शियम ट्रान्झियंट (ठोक्यागणिक होणारा कॅल्शियमचा चढउतार) मूळ उंचीवर येऊन थांबतो: साठा कमी, पण त्यातला मोठा हिस्सा सुटतोय. म्हणजे पेशी आपला हिशेब आपणच जुळवते. फेल्युअरमध्ये हे जमत नाही, कारण साठा भरणारा सर्काही दुबळा असतो. गच्चीवरच्या टाकीचा नळ थोडा गळत असला तरी मोटर दमदार असेल तर खालच्या घरात पाणी कमी पडत नाही. मोटर जुनी झाली की तीच गळती जाणवू लागते, आणि मोटर दिवसभर चालून विजेचं बिलही वाढतं. पेशीत हे बिल एटीपीच्या रूपात येतं. गळालेलं कॅल्शियम पुन्हा आत ढकलायचं, ते पुन्हा गळणार, आणि आकुंचनाच्या कामी मात्र काहीच आलेलं नसतं.

तिसरा घटक सोडियम, आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. फेल्युअरमध्ये पेशीतलं सोडियम वाढतं. सशाच्या मॉडेलमध्ये ही वाढ सुमारे ३ मिलिमोलर दिसते. ऐकायला किरकोळ वाटते. पण एनसीएक्स तीन सोडियमवर चालतो, म्हणून त्याचा समतोल सोडियमच्या घनावर अवलंबून असतो. उदाहरणादाखल ९ वरून १२ मिलिमोलर धरा: १२ भागिले ९, त्याचा घन, म्हणजे २.३७. बाकी सगळं तेच ठेवलं तर एनसीएक्स ज्या कॅल्शियम पातळीशी समतोल साधेल ती जवळजवळ अडीचपट वर सरकते. प्रत्यक्षात एक्स्चेंजर समतोलापर्यंत पोचत नाही, पण कॅल्शियम बाहेर काढण्याची त्याची ताकद घटते, आणि अॅक्शन पोटेन्शियलच्या (ठोक्याच्या विद्युत लहरीच्या) पठारावर तो उलटा चालून कॅल्शियम आतही आणतो. म्हणजे एनसीएक्सचं प्रथिन वाढलं म्हणून बाहेर टाकणं वाढलंच, असं गृहीत धरता येत नाही. सोडियम किती वाढलंय त्यावर ते ठरतं. काही रुग्णांत एनसीएक्स वाढून डायस्टोल सावरलेला दिसतो, काहींत नाही, याचं एक कारण हेच. हे सोडियम येतं कुठून, तर उशिरा वाहणाऱ्या सोडियम प्रवाहातून, ज्याला कॅमकायनेज खतपाणी घालतं, आणि सोडियम-हायड्रोजन एक्स्चेंजरमधून. जास्तीचं सोडियम मायटोकाँड्रियातलं कॅल्शियमही बाहेर ओढतं. तिथे कॅल्शियम कमी पडलं की क्रेब्ज चक्राचे (ऊर्जा तयार करणाऱ्या प्रक्रियेचे) एंझाइम मंदावतात, मागणीप्रमाणे एनएडीएच (ऊर्जा वाहणारा रेणू) तयार होत नाही, आणि ऑक्सिडेशनला आवर घालणारी क्षमता घटते. मग रायनोडीन रिसेप्टर आणखी ऑक्सिडाइझ होतात, गळती आणखी वाढते. हे चक्र फिरत राहतं.

टी-ट्यूब्यूलबद्दल थोडक्यात. फेल्युअरमध्ये त्यांचं जाळं विस्कटतं, काही नळ्या नाहीशा होतात, काही आडव्यातिडव्या होतात. जंक्टोफिलिन-२ हे दोन्ही पडद्यांना जोडून ठेवणारं प्रथिन घटलेलं असतं. मग काही रायनोडीन रिसेप्टरांसमोर एल-टाइप चॅनलच उरत नाही. तिथलं कॅल्शियम शेजारून लाट पोचल्यावर, उशिरा सुटतं. पेशीभर एकदम उठणारा ट्रान्झियंट तुकड्यातुकड्याने उठतो. लाइन-स्कॅन चित्रात (पेशीवरची एकच रेष पुन्हापुन्हा टिपून घेतलेल्या) उभी सरळ कड दिसायला हवी तिथे दातेरी कड दिसते. तुमच्याकडे कॉन्फोकल असेल तर हे एक चित्र जरूर घ्या. ते पाहून गोष्ट लगेच समजते.

हे सगळं एकत्र कसं दिसतं ते पाहायचं तर ठोक्यांचा वेग बदलून पाहा. निरोगी मानवी हृदयस्नायूची पट्टी मिनिटाला ६० वरून १२० वर नेली की जोर वाढतो, कारण दर मिनिटाला जास्त कॅल्शियम आत येतं आणि सर्का ते साठ्यात भरतो. निकामी स्नायूत जोर तसाच राहतो किंवा घटतो. विश्रांतीचा वेळ कमी झाला, दुबळ्या सर्काला भरायला अवधी मिळाला नाही, आणि पुढचा ठोका अर्धवट सैल पडलेल्या स्नायूवर येऊन आदळला. १९८७ साली बॉस्टनच्या गटाने शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या स्नायूत एक्वोरिन (कॅल्शियम लागताच चमकणारं प्रथिन) घालून दाखवलं की कॅल्शियमची पातळी खाली यायला असामान्य वेळ लागतो. रुग्णाच्या भाषेत सांगायचं तर बसल्या जागी बरं वाटतं, पण दोन जिने चढले की धाप लागते. याला इतरही कारणं आहेत, पण नाडी वाढल्यावर हृदयाची मदत करायची ताकद संपलेली असणं हे त्यातलं एक ठळक कारण.

‘ओव्हरलोड’ आणि बिघडलेले ठोके कसे येतात तेही इथेच. डायस्टोलमध्ये एखादा मोठा स्पार्क शेजारच्या रिसेप्टरांना उघडतो, लाट पसरते. हे सुटलेलं कॅल्शियम एनसीएक्स बाहेर टाकतो. तीन धन प्रभार सोडियमचे आत, दोन कॅल्शियमचे बाहेर, म्हणजे निव्वळ एक प्रभार आत. पेशीपटल डिपोलराइझ होतं, म्हणजे त्याचा विद्युतदाब ढळतो. पुरेसं झालं तर वेळेआधी नवा ठोका सुटतो. एनसीएक्स वाढलेला असल्यामुळे तेवढ्याच कॅल्शियमला हा प्रवाह मोठा मिळतो, आणि पोटॅशियमचा आवर घालणारा आयके-१ प्रवाह घटलेला असल्यामुळे पडदा सहज ढळतो. साठा सरासरीने कमी असूनही हे घडतं, कारण रिसेप्टर उघडण्याची पातळीच खाली आलेली असते. आणि अॅड्रेनॅलिनची लाट आली, की तेवढ्या वेळापुरता साठाही भरतो. फेल्युअरच्या रुग्णाला अचानक व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (खालच्या कप्प्यातून सुटणारे धोकादायक वेगवान ठोके) होण्यामागे ही एक वाट आहे.

आता औषधं, कारण या सगळ्याची खरी परीक्षा तिथे होते. जोर कमी आहे, म्हणून कॅल्शियम वाढवा, हा विचार साहजिक होता. तोंडाने घ्यायचं मिल्रिनोन सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू वाढवून नेमकं तेच करतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉमिस चाचणीत त्याने मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले. वरचं चित्र समजलं असेल तर यात नवल नाही: गळक्या साठ्यावर आणखी भार, एटीपीचा आणखी खर्च, अॅरिदमियाला (बिघडलेल्या लयीला) आणखी इंधन. शिरेतून दिलेलं डोब्युटामिन किंवा मिल्रिनोन कार्डिओजेनिक शॉकमध्ये (हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकल्याने रक्तदाब कोसळतो तेव्हा) रुग्णाला तगवायला लागतंच, पण ते वेळ मिळवण्यासाठी. डिगॉक्सिन सोडियम-पोटॅशियम पंप अडवून सोडियम वाढवतं आणि त्यातून कॅल्शियम. १९९७ च्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यूंवर परिणाम झाला नाही, पण हार्ट फेल्युअरसाठीच्या भरत्या कमी झाल्या. रक्तातली पातळी ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये राखणं इथे कळीचं.

बीटा-ब्लॉकर आधी उलटे वाटतात, कारण पहिल्या दिवसांत ते जोर कमीच करतात. पण कॅमकायनेजला चाबूक मारणारा अॅड्रेनर्जिक ताण उतरतो, नाडी मंदावल्याने सर्काला वेळ मिळतो, काही महिन्यांत सर्काची पातळी सावरते आणि इजेक्शन फ्रॅक्शन चढतं. कार्वेडिलॉल रायनोडीन रिसेप्टरचं आपणहून उघडणं थेटही दाबतं, असं प्रयोगांत दिसलंय. सुरुवात मात्र ३.१२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि दर दोन आठवड्यांनी सहन होईल तसं दुप्पट, २५ मिलिग्रॅम दोनदा या लक्ष्याकडे. एकदम मोठा डोस दिला तर रुग्ण ज्या अॅड्रेनॅलिनच्या आधारावर उभा आहे तोच काढून घेतल्यासारखं होतं. व्हेरापामिल आणि डिल्टिआझेम या प्रकारात टाळायची, कारण साठा आधीच रिकामा असताना ती एल-टाइप चॅनलही दाबतात. अॅम्लोडिपिन मुख्यतः रक्तवाहिन्यांवर काम करतं, गरज पडल्यास चालतं. एसजीएलटी-२ इनहिबिटरांचा (मूळच्या मधुमेहाच्या गोळ्यांचा) फायदा चाचण्यांत पक्का आहे. तो हृदयपेशीतलं सोडियम उतरवल्याने होतो का, यावर अजून एकमत नाही.

सर्काचं जनुक विषाणूवाहकातून हृदयात घालण्याची क्यूपिड-२ ही चाचणी २५० रुग्णांत झाली आणि फायदा दिसला नाही. हृदयापर्यंत पोचलेल्या जनुकाचं प्रमाण फार कमी होतं, त्यामुळे सर्का वाढवण्याची कल्पनाच चुकीची ठरली असं मी म्हणणार नाही. औषध लक्ष्यापर्यंत पोचलंच नाही, एवढंच त्यातून निघतं.

तुमच्या प्रयोगाकडे येतो. शक्य असेल तर ससा घ्या. उंदीरच घ्यायचा तर एनसीएक्सबद्दल निष्कर्ष काढताना हात राखा. स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशींत टी-ट्यूब्यूल जवळपास नसतात, फेल्युअरच्या रचनाबदलासाठी त्या उपयोगाच्या नाहीत. डायस्टोलची पातळी दोन गटांत तुलना करायची तर फुरा-२ सारखा गुणोत्तर देणारा डाय (कॅल्शियम दाखवणारा चमकता रंग) लागतो, ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा. फ्लुओ-४ या एकाच तरंगलांबीच्या डायचा पाया पेशीगणिक बदलतो, त्यावरून डायस्टोल वाढला असं लिहिता येत नाही. फुरा-२ एएम (पेशीत शिरू शकणारं एस्टर रूप) १ ते २ मायक्रोमोलर, वीसेक मिनिटं, मग तेवढाच वेळ धुऊन एस्टर सुटू द्या. डाय जास्त भरला तर तोच बफर बनतो आणि निरोगी पेशीचा ट्रान्झियंटही फेल्युअरसारखा बुटका नि लांब दिसतो. ही चूक फार सर्रास होते. तापमान ३७ अंश ठेवा, खोलीच्या तापमानाला पंप मंदावतात आणि फरक झाकले जातात.

पेशीला १ हर्ट्झने पेसिंग करून (सेकंदाला एक विद्युत झटका देऊन) ट्रान्झियंट स्थिर होऊ द्या, मग पेसिंग थांबवून लगेच १० मिलिमोलर कॅफीनचा झपकन झोत द्या. साठा सगळा बाहेर येतो, त्याची उंची म्हणजे साठ्याचं माप. कॅफीन चालू असताना सर्का भरू शकत नाही, म्हणून पातळी उतरते ती मुख्यतः एनसीएक्समुळे. समजा नेहमीच्या ठोक्यात उतरण्याचा काल-स्थिरांक ०.२ सेकंद, म्हणजे दर (१ भागिले तो आकडा) सेकंदाला ५. कॅफीनमध्ये १.५ सेकंद, म्हणजे दर ०.६७. वजाबाकी ४.३३, म्हणजे सर्काचा वाटा ८७ टक्के. दुसऱ्या पेशीत हेच ०.४ आणि १ सेकंद आले तर दर २.५ आणि १, सर्काचा वाटा ६० टक्के. आकडे समजावण्यापुरते आहेत. पण ट्रान्झियंट मोठा असला की तो आपोआप जास्त वेगाने उतरतो, म्हणून सारख्या उंचीच्या ट्रान्झियंटांचीच तुलना करा.

गळतीसाठी पेसिंग थांबवून पेशी सोडियम आणि कॅल्शियम नसलेल्या द्रावणात न्या, म्हणजे आत-बाहेरचे मार्ग बंद होतात. मग १ मिलिमोलर टेट्राकेन देऊन रायनोडीन रिसेप्टर अडवा. पेशीद्रवातली पातळी जेवढी खाली आली तेवढी गळती. मग कॅफीन देऊन साठा मोजा, आणि गळती नेहमी साठ्याच्या जोडीने मांडा. फेल्युअरच्या पेशीत साठाच कमी असतो, त्यामुळे स्पार्कही कमी दिसू शकतात, आणि नुसते स्पार्क मोजणारा ‘गळती घटली’ असं लिहून बसतो. सारख्या साठ्याला गळती किती, हा प्रश्न विचारला की वाढ स्पष्ट दिसते. आणखी एक काळजी: फायब्रोसिस झालेल्या हृदयातून कोलॅजिनेजने पेशी सोडवताना सगळ्यात आजारी पेशी मरतात आणि तुमच्या काचेवर धडधाकट उरतात. किती टक्के पेशी जिवंत, दंडाकृती मिळाल्या ते दोन्ही गटांसाठी लिहून ठेवा.

राहिल्या वडिलांच्या गोळ्या. रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड आणि ड जीवनसत्त्व सांभाळतं, आणि नेहमीच्या डोसची गोळी एसआरचा साठा भरतही नाही आणि पेशीत ओव्हरलोडही करत नाही. हे दोन वेगळे हिशेब आहेत. गोळ्या हाडांसाठी किंवा रक्तातली पातळी कमी म्हणून दिल्या असतील तर स्वतःहून बंद करू नका. रक्तात कॅल्शियम खरंच फार कमी असेल तर त्यानेही हृदय दुबळं होतं आणि ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबतं, आणि ते भरून काढल्यावर सुधारतं. मात्र एकदा एकूण कॅल्शियम अल्ब्युमिनसह तपासून घ्या. अल्ब्युमिन ४ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमी असलेल्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिलिग्रॅम मिळवून वाचायचं. ते डिगॉक्सिनवर असतील तर कॅल्शियम वाढलेलं चालत नाही, आणि किडनी बिघडलेली असेल तर फॉस्फेटही पाहावं लागतं.

त्यांच्यासाठी कॅल्शियमपेक्षा मी पोटॅशियम आणि मॅग्नेशियमकडे जास्त बारकाईने पाहीन. फ्युरोसेमाइडने (लघवी वाढवणाऱ्या गोळीने) दोन्ही उतरतात. पोटॅशियम घटलं की सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, पेशीत सोडियम साचतं, आणि वर सांगितलेल्या त्याच वाटेने कॅल्शियम वाढून अवेळी ठोके सुटतात. डिगॉक्सिनही त्याच पंपावर बसतं, म्हणून पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिनची पातळी ठीक दिसली तरी विषबाधा होऊ शकते. पोटॅशियम ४ ते ५ मिलिमोल प्रति लिटरमध्ये हवं. उलट स्पायरोनोलॅक्टोन आणि एसीई इनहिबिटर किंवा सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन सोबत असतील तर ते वरही जाऊ शकतं. म्हणून क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि अल्ब्युमिनसह कॅल्शियम, असे चार रिपोर्ट आणि चालू औषधांची डोससकट यादी घेऊन त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टना भेटा, आणि गोळी नेमकी कशासाठी दिलीय हे त्यांनाच विचारा.